कमी दाबाचे क्षेत्र ते चक्रीवादळ : अंदाज कसा समजून घ्यावा, पीक कसे वाचवावे

सोयाबीनची काढणी तोंडावर आलेली असते, भात पिवळे पडू लागलेले असते, द्राक्षबागेत छाटणीची तयारी सुरू असते. नेमका अशाच वेळी मोबाइलवर संदेश येतो : ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होण्याची शक्यता.’ या एका ओळीवर काही शेतकरी घाईने हिरव्या शेंगांचे सोयाबीन कापून टाकतात. काही जण मात्र ‘ते वादळ तिकडे आंध्रात जाणार, आपल्याला काय त्याचे’ असे म्हणून कापलेले पीक उघड्यावर ठेवतात. दोन्हींमध्ये नुकसान शेतकऱ्याचेच होते.

कमी दाबाचे प्रत्येक क्षेत्र चक्रीवादळ होत नाही. पण चक्रीवादळ न होताही ते क्षेत्र तुमच्या शेतात अतिवृष्टी करू शकते. या दोन गोष्टी लक्षात आल्या की अंदाज वाचणे सोपे होते. ही प्रणाली कशी तयार होते, कशी वाढते, कुठे विरते आणि प्रत्येक टप्प्यावर शेतात कोणती कामे करावीत, याची माहिती पुढे दिली आहे.

कमी दाबाचे क्षेत्र म्हणजे काय?

हवेला वजन असते. त्या वजनाचा जमिनीवर किंवा समुद्रावर पडणारा भार म्हणजे हवेचा दाब. समुद्रसपाटीला हा दाब सरासरी १०१३ हेक्टापास्कल असतो. एखाद्या भागात हवा तापली की ती हलकी होऊन वर जाते आणि तेथील दाब आजूबाजूपेक्षा कमी होतो. ती जागा भरण्यासाठी चारही बाजूंनी वारे आत येऊ लागतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे हे वारे सरळ केंद्राकडे न जाता वळतात. आपल्या उत्तर गोलार्धात ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात.

सुरुवातीला अनेकदा समुद्रसपाटीपासून काही किलोमीटर उंचीवर फक्त वारे गोल फिरताना दिसतात. हवामान अंदाजात याला ‘चक्राकार वाऱ्यांची स्थिती’ म्हणतात. हीच स्थिती खाली उतरून समुद्राच्या पृष्ठभागावर दाब कमी झाला की ‘कमी दाबाचे क्षेत्र’ तयार होते. बहुतांश प्रणाली याच टप्प्यावर थोडाफार पाऊस देऊन विरून जातात.

वादळ वाढण्यासाठी काय लागते?

चक्रीवादळाचे इंधन म्हणजे समुद्राचे कोमट पाणी. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी जी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत पाच लिटरहून अधिक बर्फासारखे गार पाणी उकळीपर्यंत तापवता येते. समुद्रावरून उठलेली वाफ ही उष्णता सोबत घेऊन वर जाते. उंचावर गार होऊन तिचे ढग झाले की ती उष्णता तेथील हवेत मोकळी होते. हवा आणखी तापते, आणखी वर जाते, खालचा दाब आणखी कमी होतो, वारे आणखी जोराने येतात आणि समुद्रावरून आणखी वाफ उचलतात. हे चक्र एकदा जमले की वादळ स्वतःच्याच बळावर वाढत राहते.

हे चक्र जमण्यासाठी पुढील गोष्टी एकत्र याव्या लागतात :

• समुद्राच्या पाण्याचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त हवे. ही ऊब केवळ वरच्या थरात असून चालत नाही. सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत पाणी कोमट हवे, नाहीतर वादळाच्या घुसळणीने खालचे गार पाणी वर येते आणि इंधन तुटते.
• विषुववृत्तापासून किमान ५ अंश, म्हणजे साधारण ५०० किमी अंतर हवे. त्याहून जवळ वाऱ्यांना पुरेसे वळण मिळत नाही.
• समुद्रावर आधीपासून चक्राकार वारे किंवा कमी दाबाचे क्षेत्र हवे. कोऱ्या आकाशात वादळ उभे राहत नाही.
• वातावरणाच्या मधल्या थरांत भरपूर बाष्प हवे. कोरडी हवा आत शिरली तर ढग विरू लागतात.
• खालच्या आणि वरच्या वाऱ्यांच्या वेगात व दिशेत फार फरक नको. तसा फरक असेल तर ढगांचा मनोरा तिरका होतो, उष्णता एका जागी साठत नाही आणि वादळ मोडते.

यातील एखादी गोष्ट कमी पडली तरी प्रणाली अडते. हवामान खाते रोज याच गोष्टी तपासते आणि म्हणूनच अंदाजात ‘शक्यता’ हा शब्द येतो.

वाऱ्याच्या वेगानुसार टप्पे

भारतीय हवामान खाते (आयएमडी) केंद्राभोवतीच्या सततच्या वाऱ्याच्या वेगावरून प्रणालीचा टप्पा ठरवते. वेग ताशी किलोमीटरमध्ये असा आहे :

• कमी दाबाचे क्षेत्र : ३१ पेक्षा कमी
• डिप्रेशन : ३१ ते ४९
• डीप डिप्रेशन : ५० ते ६१
• चक्रीवादळ : ६२ ते ८८
• तीव्र चक्रीवादळ : ८९ ते ११७
• अति तीव्र चक्रीवादळ : ११८ ते १६६
• अत्यंत तीव्र चक्रीवादळ : १६७ ते २२१
• महाचक्रीवादळ : २२२ किंवा त्याहून अधिक

कमी दाबाचे क्षेत्र आणि डिप्रेशन यांच्या मध्ये ‘ठळक कमी दाबाचे क्षेत्र’ असाही शब्द येतो. त्याचा अर्थ प्रणाली बळकट होऊ लागली आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळलेले वादळ महाचक्रीवादळ होते.

प्रणालीला नाव मिळते ते चक्रीवादळाच्या टप्प्यावर, त्याआधी नाही. उत्तर हिंदी महासागरातील वादळांसाठी १३ देशांनी सुचवलेली १६९ नावांची यादी एप्रिल २०२० मध्ये जाहीर झाली. त्या यादीतील पहिले नाव ‘निसर्ग’ हे बांगलादेशाने सुचवले होते.

वाऱ्याचा वेग वाचताना एक हिशेब लक्षात ठेवावा. वेग दुप्पट झाला की झाडावर, छपरावर किंवा पॉलिहाऊसवर पडणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी ६० किमी वाऱ्यात टिकलेली केळीची बाग किंवा पत्र्याचा गोठा १२० किमी वाऱ्यातही टिकेल असे धरून चालू नये.

वादळे कोणत्या महिन्यांत येतात?

आपल्याकडे वादळांचे दोन हंगाम आहेत. पहिला मॉन्सूनपूर्व, म्हणजे एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध. दुसरा मॉन्सूनोत्तर, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. अरबी समुद्रापेक्षा बंगालच्या उपसागरात वादळे जास्त होतात. तरीही अरबी समुद्रातील वादळे आता दुर्लक्ष करण्यासारखी राहिलेली नाहीत. ‘फयान’ (नोव्हेंबर २००९), ‘निसर्ग’ (जून २०२०) आणि ‘तौक्ते’ (मे २०२१) यांचा थेट तडाखा कोकणाने सोसला आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र कोमट असतो, बाष्पही भरपूर असते. मग तेव्हा चक्रीवादळे का होत नाहीत? कारण त्या काळात खाली जोरदार पश्चिमी वारे आणि वर जोरदार पूर्वेकडील वारे वाहतात. हा फरक वादळाला उभे राहू देत नाही. शिवाय उपसागरातील प्रणाली किनाऱ्याजवळ तयार होऊन लगेच जमिनीवर येतात. त्यामुळे त्या बहुधा कमी दाब किंवा डिप्रेशनच्या पुढे जात नाहीत.

याच प्रणाली ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेशमार्गे पश्चिमेकडे सरकतात आणि विदर्भासह राज्याच्या मोठ्या भागाला खरिपाचा पाऊस देतात. डिप्रेशनच्या नैर्ऋत्य भागात पाऊस सर्वांत जास्त पडतो. म्हणून केंद्र मध्य प्रदेशावर असताना जोराचा पाऊस विदर्भात किंवा खानदेशात पडलेला दिसतो. तात्पर्य, जुलै-ऑगस्टमधील कमी दाबाचे क्षेत्र ही बहुतेक वेळा पिकासाठी चांगली बातमी असते. तेच क्षेत्र सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये आले तर काढणीला आलेल्या पिकाला धोका असतो.

वादळाची रचना आणि ‘उजवी बाजू’

वाढलेल्या वादळाच्या मध्यभागी ‘डोळा’ असतो. तिथे वारा मंद आणि आकाश बरेचसे मोकळे असते. डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत वारा आणि पाऊस सर्वांत जास्त असतो. डोळा गावावरून जाताना वारा अचानक पडतो आणि वादळ गेले असे वाटते. थोड्याच वेळात उलट दिशेने तेवढाच जोराचा वारा सुटतो. वारा एकदम थांबला म्हणून गोठा, बाग किंवा पत्रे पाहायला बाहेर पडू नये. प्रशासनाने सांगितल्याशिवाय घराबाहेर येऊ नये.

वादळ ज्या दिशेने पुढे जाते, त्या दिशेकडे तोंड करून उभे राहिल्यास उजव्या हाताच्या बाजूला वारा जास्त असतो. त्या बाजूला फिरणाऱ्या वाऱ्यात वादळाच्या पुढे सरकण्याच्या वेगाचीही भर पडते.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किमी होता. वादळ ईशान्येकडे सरकत होते. त्यामुळे त्याच्या उजव्या बाजूला मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली हा भाग आला आणि डाव्या बाजूला मुंबई. श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातील नारळ, सुपारी, आंबा, काजूच्या बागा मुळासकट उन्मळून पडल्या. मुंबई मात्र मोठ्या तडाख्यातून वाचली. पुढे पुणे जिल्ह्यातही पॉलिहाऊसचे नुकसान झाले. म्हणून नकाशावर वादळाचा मार्ग पाहताना आपले गाव किती अंतरावर आहे एवढेच न पाहता ते कोणत्या बाजूला आहे हेही पाहावे.

जमिनीवर आल्यावर वादळ संपते का?

वारा संपतो, पाऊस संपतो असे नाही. जमिनीवर आल्यावर समुद्राची वाफ तुटते आणि झाडे, डोंगर, घरे यांचा अडथळा होतो. त्यामुळे वाऱ्याचा वेग एका दिवसात झपाट्याने उतरतो. ढगांतील बाष्प मात्र शेकडो किलोमीटर आत जाते. किनाऱ्यापासून दूर असलेल्या मराठवाडा, विदर्भ, खानदेशातील शेतकऱ्यांसाठी हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

‘गुलाब’ वादळाचे उदाहरण पाहा. २६ सप्टेंबर २०२१ रोजी संध्याकाळी ते उत्तर आंध्र आणि दक्षिण ओडिशाच्या किनाऱ्यावर आले. तेथून कमजोर होत तेलंगणमार्गे पश्चिमेकडे सरकले. २७ आणि २८ सप्टेंबरला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, मांजरा नदीला पूर आला आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. त्या वेळी ते चक्रीवादळ राहिलेले नव्हते. पुढे हीच प्रणाली गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरली, कोमट पाणी मिळताच पुन्हा बळकट झाली, ‘शाहीन’ या नव्या नावाने वादळ बनली आणि ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर गेली.

दुसरे उदाहरण ‘ओखी’चे. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस कन्याकुमारीजवळ तयार झालेले हे वादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे आले. दक्षिण गुजरातजवळ पोहोचेपर्यंत ते पार कमजोर झाले होते. तरीही ४ आणि ५ डिसेंबरला कोकणासह उत्तर महाराष्ट्रात अवेळी पाऊस झाला. डिसेंबरमधील असा पाऊस द्राक्ष, कांदा आणि आंब्याच्या मोहोरासाठी घातक असतो.

‘वादळ कमजोर झाले’ हे वाक्य वाचले की ते वाऱ्याबद्दल आहे असे समजावे. पावसाचा अंदाज वेगळा पाहावा.

जूनमधील वादळ आणि पेरणी

मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला अरबी समुद्रात वादळ आले की किनारपट्टीसह आतील भागातही एक-दोन दिवस चांगला पाऊस पडतो. जमीन ओली होते आणि पेरणीची घाई सुरू होते. हा वादळाचा पाऊस असतो, मॉन्सूनचा नव्हे. वादळ पुढे जाताना आजूबाजूचे बाष्प स्वतःकडे ओढून नेते आणि मागे अनेकदा कोरडे दिवस येतात.

जून २०२३ मध्ये असेच घडले. ‘बिपरजॉय’ वादळ ६ जूनपासून अरबी समुद्रात रेंगाळले आणि १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर गेले. मॉन्सून ११ जूनच्या सुमारास दक्षिण कोकणात आला, पण तिथेच अडकला. मुंबईत तो २५ जूनला पोहोचला.

त्यामुळे जूनमध्ये पहिल्या पावसावर खरिपाची पेरणी करू नये. आपल्या भागात मॉन्सून पोहोचल्याचे जाहीर झाले आहे का, एकूण ७५ ते १०० मिमी पाऊस झाला आहे का, जमिनीत खोलवर ओल आहे का आणि पुढील पाच दिवसांच्या अंदाजात पाऊस आहे का, या चार गोष्टी पाहूनच पेरणी करावी. बियाणे, खत आणि मजुरी दोनदा घालण्यापेक्षा आठ दिवस थांबणे परवडते.

अंदाजातील शब्दांचा नेमका अर्थ

पावसाचे प्रमाण (२४ तासांत) :

• हलका : २.५ ते १५.५ मिमी
• मध्यम : १५.६ ते ६४.४ मिमी
• जोरदार : ६४.५ ते ११५.५ मिमी
• अति जोरदार : ११५.६ ते २०४.४ मिमी
• अत्यंत जोरदार : २०४.५ मिमी किंवा अधिक

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी. १०० मिमी पाऊस झाला तर एकरात ४ लाख लिटर पाणी येते. चर काढताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

पावसाचा विस्तार : ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे ७५ टक्क्यांहून अधिक ठिकाणी. ‘तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ असा अंदाज असताना तुमच्या गावात पाऊस झाला नाही, तरी अंदाज चुकला असे होत नाही.

रंग : हिरवा म्हणजे काही करण्याची गरज नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारी करा. लाल म्हणजे कृती करा, जीव सांभाळा.

वादळाच्या सूचना चार टप्प्यांत येतात. किनाऱ्यावर धोका दिसू लागल्यावर साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कतेचा इशारा, २४ तास आधी वादळाचा इशारा आणि १२ तास आधी जमिनीवर आल्यानंतरच्या परिस्थितीचा अंदाज दिला जातो. चक्रीवादळ तयार झाल्यावर दर तीन तासांनी नवे निवेदन येते. त्यामुळे सकाळी आलेला व्हॉट्सअॅप संदेश संध्याकाळी पुढे पाठवू नये. संदेशावर तारीख आणि वेळ नसेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

हवामान खात्याचे संकेतस्थळ, ‘मौसम’ आणि ‘मेघदूत’ ही अॅप, विजेच्या सूचनेसाठी ‘दामिनी’ अॅप आणि दर मंगळवारी व शुक्रवारी येणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला यांवर भर द्यावा.

कोणत्या टप्प्यावर कोणते काम?

१. कमी दाबाच्या क्षेत्राची शक्यता (४ ते ७ दिवस आधी) : घाई करू नये. शेतातील कामांची यादी करावी. मजूर, मळणी यंत्र आणि ताडपत्री यांची सोय पाहून ठेवावी. मोठी खतमात्रा आणि फवारणी पुढे ढकलता येते का ते पाहावे.

२. डिप्रेशन, मार्ग आपल्या विभागाकडे (२ ते ३ दिवस आधी) : पक्व झालेल्या पिकाची काढणी करावी. आज कापून उद्या मळणी होणार नसेल तर कापणी करू नये. उभे पीक पावसात जितके टिकते, तितके कापून पसरलेले टिकत नाही. शेताच्या उतारावर चर मोकळे करावेत.

३. नारिंगी किंवा लाल इशारा (२४ तास आधी) : सर्व शेतमाल आत घ्यावा किंवा उंचवट्यावर ताडपत्रीखाली बांधून ठेवावा. फवारणी, खत देणे आणि सिंचन थांबवावे. नदी-ओढ्याकाठचे पंप, स्टार्टर आणि ठिबकचे फिल्टर वर आणावेत. वीजपुरवठा बंद करावा. हलवता येणारे सौर पॅनेल आडवे करून घट्ट बांधावेत.

४. वादळाच्या काळात : झाडाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा विजेच्या खांबाजवळ थांबू नये. जनावरे मोडक्या गोठ्यात दावणीला बांधून ठेवू नयेत. पक्क्या, उंच जागी न्यावीत. ते शक्य नसेल तर दावे सोडून मोकळी ठेवावीत. दोन-तीन दिवसांचा सुका चारा आणि पिण्याचे पाणी आधीच साठवावे.

पीकनिहाय काळजी

सोयाबीन : ९० ते ९५ टक्के शेंगा तपकिरी झाल्या असतील तरच काढणी करावी. हिरव्या शेंगा कापल्यास दाणा सुरकुततो आणि भावही मिळत नाही. गंज उंच जागी लावावी, खाली काडीकचरा किंवा लाकडे टाकावीत, वरून ताडपत्री बांधावी आणि भोवती चर काढावा. पाऊस उघडताच ताडपत्री काढून हवा द्यावी, नाहीतर आत वाफ धरून दाण्यांना बुरशी लागते.

कापूस : फुटलेल्या बोंडांची वेचणी पावसाआधी पूर्ण करावी. ओला कापूस कोरड्या कापसात मिसळू नये.

भात : पक्व खाचरातील पाणी काढून द्यावे. कापलेले भात मळ्यात पसरून न ठेवता बांधून उंच जागी उडव्या रचाव्यात. लोळलेल्या भाताच्या लोंब्या पाण्यात राहिल्यास दाण्याला कोंब फुटतात. म्हणून पाणी ओसरताच पेंढ्या बांधून उभ्या कराव्यात.

तूर आणि हरभरा : पाणी साचलेल्या जमिनीत मूळकुज आणि मर वाढते. हरभऱ्याची पेरणी जमिनीला वाफसा आल्यावरच करावी.

कांदा : रोपवाटिका गादीवाफ्यावर असावी. मुसळधार पावसात वाफ्यांवर शेडनेट धरल्यास रोपे जमिनीत दबत नाहीत. चाळीच्या वाऱ्याकडील बाजूला ताडपत्री बांधावी आणि पाऊस थांबताच ती काढावी.

द्राक्ष : ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा ते फुलोरा अवस्थेत पाऊस आल्यास केवडा झपाट्याने पसरतो. तयार घडांत मणी तडकतात. चार-पाच दिवसांत डिप्रेशनचा अंदाज असेल तर छाटणी पुढे ढकलता येते का ते पाहावे. बागेत पाणी साचू देऊ नये. बुरशीनाशक लेबलवरील शिफारशीप्रमाणेच वापरावे.

केळी : घड लागलेल्या झाडांना बांबूचा किंवा पट्टीचा आधार द्यावा. तयार घड आधी उतरवावेत. वाऱ्याच्या दिशेला शेवरीसारख्या झाडांची वारारोधक ओळ ही कायमची गुंतवणूक समजावी.

आंबा : मे महिन्यातील वादळाआधी ८० ते ८५ टक्के पक्व फळे झेल्याने काढून घ्यावीत. गळून पडलेली फळे वेगळी ठेवावीत. चांगल्या पेटीत मिसळल्यास सगळी पेटी खराब होते.

नारळ आणि सुपारी : तयार नारळ, शहाळी आणि वाळलेल्या झावळ्या आधी उतरवाव्यात. जोराच्या वाऱ्यात त्याच घरावर आणि माणसांवर पडतात.

पॉलिहाऊस आणि शेडनेट : बाजूचे पडदे बंद करून घट्ट बांधावेत. नट-बोल्ट, तारा आणि कागदाच्या पट्ट्या तपासाव्यात. फाटलेली जागा आधीच चिकटपट्टीने बंद करावी, कारण वारा तिथूनच आत शिरून सांगाडा उचलतो.

वादळ गेल्यावर पहिले आठ दिवस

• तुटलेल्या विजेच्या तारा आणि वाकलेले खांब यांपासून दूर राहावे. पुरवठा बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय मोटर सुरू करू नये.
• शेतात साचलेले पाणी शक्य तितक्या लवकर काढावे. मुळांना हवा मिळाली नाही तर झाडे उभी असूनही पिवळी पडतात.
• वाफसा आल्यावर हलकी कोळपणी करावी. पिवळ्या पडलेल्या उभ्या पिकावर १३:०:४५ या खताची १ टक्का (१० लिटर पाण्यात १०० ग्रॅम) फवारणी करावी.
• मोडलेल्या फांद्या करवतीने गुळगुळीत कापाव्यात आणि जखमेवर १० टक्के बोर्डो पेस्ट (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) लावावी.
• कलत्या झालेल्या तरुण कलमांची मुळे उन्हात सुकण्याआधी मातीने झाकावीत. फांद्यांचा भार कमी करावा, झाड हळूहळू सरळ करून आधार द्यावा. मुळे पूर्ण तुटलेले मोठे झाड उभे करण्यात खर्च घालवू नये.
• पडलेली नारळाची खोडे बागेत कुजू देऊ नयेत. त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि पुढच्या वर्षी वाचलेल्या झाडांचे कोंब खातो.
• सावली गेलेल्या सुपारीच्या खोडांना ऊन लागून ती तडकतात. उन्हाच्या बाजूने झावळ्या बांधाव्यात.

नुकसानीची नोंद

झाडे हलवण्याआधी, शेत साफ करण्याआधी फोटो काढावेत. फोटोत शेताची ओळख पटेल अशी खूण, तारीख आणि ठिकाण दिसावे. तलाठी आणि कृषी सहायक यांना लगेच कळवून पंचनाम्याची मागणी करावी. शासकीय मदतीसाठी ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान नोंदले जाणे महत्त्वाचे असते. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद नसेल तर अडचण येते. ती हंगामाच्या सुरुवातीलाच करून ठेवावी.

पीक विम्याच्या अटी हंगामानुसार आणि राज्यानुसार बदलतात. चालू हंगामात कोणत्या जोखमी समाविष्ट आहेत आणि सूचना किती तासांत द्यायची आहे, हे विमा भरतानाच विचारून पावतीवर लिहून ठेवावे. फळपीक विम्यात भरपाई महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. तुमचे मंडळ कोणत्या केंद्राला जोडलेले आहे हे माहीत असावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावाला संदेश पाठवताना ‘वादळ येणार’ एवढेच लिहू नये. प्रणालीचा टप्पा, निवेदनाची तारीख आणि वेळ, आपल्या तालुक्यातील अपेक्षित पाऊस व वारा आणि आज करायची दोन कामे, एवढे चार मुद्दे द्यावेत. अंदाज बदलला तर तेही तितक्याच तत्परतेने कळवावे. आधी घाबरवून नंतर गप्प राहिले की पुढच्या खऱ्या इशाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

समुद्रातील वादळ थांबवणे आपल्या हातात नाही. पण कमी दाबाच्या क्षेत्राचे चक्रीवादळ होण्यास बहुधा काही दिवस लागतात आणि तेवढे दिवस आपल्या हातात असतात. टप्पा पाहा, मार्ग पाहा, आपले गाव कोणत्या बाजूला आहे ते पाहा आणि वाऱ्याइतकेच पावसाकडे लक्ष द्या. पक्व पीक आधी घरात आणा, अपक्व पिकातून पाणी बाहेर काढण्याची वाट मोकळी ठेवा आणि शेतमालाआधी माणसे व जनावरे सुरक्षित करा.